नऊ इंची भिंत

नंदनवनातला फ्लॅट दाखवताना बिल्डरने भिंतीवर थाप मारून सांगितलं होतं, "नऊ इंची आहे, आवाज जाणारच नाही." म्हणून सुनेबद्दलची कुरकुर मी बाथरूममध्ये कडी लावून बहिणीला फोनवर सांगायची. तरी खालच्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यात विचारलंच, "काहून वं, सुनेशी पटत नाही काय?" माझा संशय थेट भांडीवालीवर. नाही नाही ते बोलून मी तिला कामावरून काढलं.

परवा आंघोळ करताना पाइपांच्या डक्टकडच्या जाळीतून खालच्या बाईचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा. कोणाला तरी सांगत होती, "वरची भांडीवाली आता माह्याकडे येते. पण कितीही विचारा, त्या घरचं एक अक्षर सांगत नाही वं!"