टाकीचं झाकण

आई गेली आणि थोड्याच दिवसांत बाबा दिल्लीला आले, ते होडीचं इंजिन घेऊन. निजामुद्दीन स्टेशनावर त्यांना उतरवून घ्यायला गेलो, तर एका हातात पिशवी आणि शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं ते धूड!

"बाबा, हे काय?"

"जोर धरत नाही रे. खाडीच्या मध्यावर गेलं की दम टाकतं. तू इंजिनियर ना? करून दे दुरुस्त, म्हणजे मी परत जायला मोकळा."

अजून स्टेशनाबाहेर पाऊल नाही आणि हे परतीचं बोलतायत! डोकंच फिरलं माझं. माणूस एकटा पडलाय, मुलाकडे आलाय, तर दोन शब्द आईबद्दल बोलेल की नाही? नाही. इंजिन.

मयूर विहारमध्ये आमचा तळमजल्याचा फ्लॅट होता, मागे हातभर अंगण. मी नोएडातल्या नव्या कंपनीत टाय लावून जायचो. देश नुकताच खुला झाला म्हणायचे सगळे. घरोघरी केबल आली होती, बाजारात परदेशी चॉकलेटं आली होती, पण लाईट मात्र जुन्या सवयीने संध्याकाळी हटकून जायची. लाईट गेली की गल्लीभर जनरेटर धडधडायला लागत. बाबांनी हे बरोबर हेरलं. बायकोचा पाणी साठवायचा ड्रम त्यांनी पळवला, काठाला फळी बांधून इंजिन त्यावर टांगलं, त्याचा पंखा पाण्यात बुडवला, आणि लाईट गेली रे गेली की दोरी खेचायची. त्या गोंगाटात आमच्या आवाजाचं कुणाला काय! शेजारचे सरदारजी भिंतीवरून म्हणाले, "अंकलजी, नया जनरेटर? एक पंखे का कनेक्शन हमें भी दे दो." खरं कळल्यावर ते इतके हसले की त्यांच्या बायकोने बाहेर येऊन बघितलं.

इंजिन सुरुवातीला झकास चालायचं. मग हळूहळू आवाज खाली यायचा, आचके द्यायला लागायचं आणि बंद. जरा थांबून दोरी खेचली की पुन्हा तेच. मी रविवारचे रविवार त्यात घातले. प्लग काळा पडला होता, काश्मिरी गेटवरून नवा आणला. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून सगळं ओतून ताजं भरलं. जाळी धुतली, कार्बोरेटर उघडून फुंकला. मागून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार पडतेय का तेही बघितलं, पडत होती. बाबा शेजारी स्टुलावर बसून पाना हातात द्यायचे. "प्लग बघ परत एकदा," म्हणायचे. मी करवादायचो, "किती वेळा बघू, बाबा?"

एका रविवारी इंजिन असंच आचके द्यायला लागलं. पेट्रोल तरी आहे ना बघावं म्हणून मी चालू इंजिनाच्याच टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन असं उसळलं की ड्रममधलं पाणी माझ्या तोंडावर!

हात्तिच्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, मग पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. इंजिन बंद करून झाकण उलटसुलट बघितलं. भोकावर पिवळट-लाल खपली होती, दगडासारखी घट्ट.

हळदकुंकू.

नारळी पौर्णिमेला आई इंजिनाची पूजा करायची. झाकण सगळ्यात वर, म्हणून तिच्या लेखी ते इंजिनाचं कपाळ. ओली हळद, त्यावर कुंकू, चांगलं बोटाने दाबून. दरवर्षी दुसऱ्या दिवशी बाबा ते पुसून टाकायचे. या वर्षी पौर्णिमेनंतर लगेच आई गेली, आणि त्यांनी ते पुसलं नव्हतं.

"बाबा, सापडलं!" मी ओरडलो. "अगं, सेफ्टीपिन दे!" बायकोने पिन आणून दिली. मी ती भोकावर टेकवली आणि बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"अहो, पण हेच तर..."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? आणि मी इतके दिवस कार्बोरेटर फुंकतोय?"

ते झाकणाकडे बघत राहिले. "तिचं बोट आहे रे ते."

मी पिन बाजूला ठेवली. म्हटलं, "बरं. हे ठेवा जपून. मी दुसरं झाकण आणतो."

"नको आणू."

"का?"

"दुसरं आणलंस तर इंजिन चालेल. मग मला जावं लागेल." त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला. "त्या घरात मी एकटा काय करू रे? तिच्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही."

माझे बाबा. भरतीच्या पाण्यात होडी घालणारा माणूस. मुलाकडे राहायचंय एवढं म्हणायला त्यांना जमेना, म्हणून ते नादुरुस्त इंजिन घेऊन आले होते. मी त्यांना मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडलो. त्यांच्या सदऱ्याला पेट्रोलचा वास येत होता.

झाकण मी परत घट्ट लावलं. त्यानंतर ते होते तोवर लाईट गेली की आम्ही दोघं अंगणात जायचो. इंजिन जरा चालायचं, मग दम टाकायचं. "जोर नाही," बाबा म्हणायचे. "प्लग बघूया," मी म्हणायचो आणि पाना घ्यायचो. सरदारजी भिंतीवरून विचारायचे, "ठीक हुआ, अंकलजी?"

"नहीं जी," बाबा म्हणायचे, "अभी टाइम लगेगा."

पुढच्या थंडीत बाबा गेले. तेराव्याला माणसं पांगल्यावर लाईट गेली. गल्लीत जनरेटर सुरू झाले आणि मी सवयीने अंगणात जाऊन उभा राहिलो. सरदारजी भिंतीपाशी आले. डोळे पुसत त्यांनी ड्रमकडे बोट केलं. "भाईसाब, ठीक नहीं हुआ ना आखिर तक?"

"नहीं जी," मी म्हटलं. "अभी टाइम लगेगा."