आईला मयत लिहू

"आईला मयत लिहू. म्हणजे तिच्या कागदांचा प्रश्नच येत नाही."

वकील असं म्हणाले तेव्हा माझी आई दाराबाहेर पायरीवर बसली होती. जिवंत. आल्या आल्या टेबलावरच्या मुलीने तिला सांगितलं होतं, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. आत गर्दी होते." आत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. आई बाहेर गेली. मी एका खुर्चीवर बसले.

मी नर्स आहे. जर्मनीतल्या एका लहान शहरात म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात काम करते. टोबियासही त्याच वॉर्डात नर्स. आम्ही लग्न करायचं ठरवलं. तिथे लग्नाआधी कागद लागतात. तिथल्या विवाह नोंदणी कचेरीने यादीच दिली. आईबापाच्या नावासकट जन्मदाखला. अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. दोन्हींवर आपल्या सरकारचे शिक्के, मग तिथल्या सरकारमान्य माणसाकडून भाषांतर. लग्नाची तारीख मिळाली. मी तीन आठवड्यांची रजा टाकून पनवेलला आले.

जन्मदाखला माझ्याकडे नव्हताच. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघालेला. आम्ही कातकरी. आपटा गावाजवळ आमची वाडी. आईबाप वीटभट्टीवर जायचे. मी तिथल्याच झोपडीत जन्मले. कोण नोंद करणार? मी सात वर्षांची असताना बाप गेला. आता उशिराची नोंद करायची तर आईचं प्रतिज्ञापत्र हवं. आणि आईची नावं तीन. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ठकी. रेशनकार्डावर ठकूबाई. आधारवर शकू, कारण टाइप करणाऱ्याला तसं ऐकू आलं.

म्हणून वकील गाठले. परदेशी जाणाऱ्यांचे कागद करून देणारे. त्यांनी माझा शाळेचा दाखला उचलला आणि जातीचा रकाना मोठ्याने वाचला. शेजारी एक बाई मुलाच्या कॅनडाच्या कागदांसाठी आल्या होत्या. त्यांनी वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगंबाई, तुझ्याकडे बघून वाटत नाही हं!" कौतुकाने म्हणाल्या.

वकील हसले. "आणि अविवाहित लिहायचंय ना? नक्की? नाही, तुमच्यात पोरी लवकर नांदायला जातात, म्हणून विचारलं."

मी म्हणाले, "नक्की, सर."

सर म्हणाले मी त्याला.

मग त्यांनी मयत लिहायची युक्ती सांगितली. "जन्म पनवेलच्या दवाखान्यात दाखवू. भट्टीबिट्टी नको. तिकडे गोऱ्यांना काय कळतंय?" बोलता बोलता टाइप झालंसुद्धा. स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'अर्जदाराची आई हयात नाही.'

मी ते वाचलं आणि मला नर्सिंगचं हॉस्टेल आठवलं. आई भेटायला आली होती. डोक्यावर करवंदांची पाटी. सकाळभर बाजारात विकून उरलेली माझ्यासाठी आणलेली. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं ही? मी म्हणाले, "आमच्या गावची बाई आहे." आईने ऐकलं. पाटी ठेवली आणि "येते बाय" म्हणून गेली. पुन्हा हॉस्टेलवर आली नाही.

वकील काय नवीन करत होता? ते काम मी आधीच सुरू केलं होतं.

मी उठले. "खोडा ते."

"अहो, सोयीसाठी…"

"माझी आई जिवंत आहे. बाहेर बसलीय. तुम्ही बसवलंय तिला बाहेर. खोडा."

त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. मी टेबलावरचे माझे कागद एकेक करून गोळा केले. कॅनडाच्या बाई खाली बघायला लागल्या. बाहेर येऊन मी आईच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. हॉस्टेलचंही. ती उठली, लुगड्याची धूळ झटकली.

"मेली असती तर यवढ्या विटा कोनी थापल्या असत्या?" ती म्हणाली. "चल. कुटं अंगठा पायजे, दाखव."

वकिलाशिवाय गेलो. तहसील कचेरीत तीन फेऱ्या झाल्या. ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला घेतला. तिन्ही नावांची बाई एकच, असं आईचं प्रतिज्ञापत्र केलं. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "पोरीचा जन्म कुठे झाला?" आईने भट्टीचं गाव सांगितलं, कोणती बाई सुईण होती ते सांगितलं, त्या दिवशी दुपारपर्यंत काम केलं होतं तेही सांगितलं. न अडखळता. बाई लिहून घेत होत्या. मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रजा संपली. जन्मदाखला अजून यायचाय. लग्नाची तारीख गेली. फोनवर टोबियासने एवढंच विचारलं, "मग आता?" मी सांगितलं, दुसरी तारीख घेऊ, पण आताच नाही.

आईच्या आधारवरचं नाव दुरुस्तीला टाकलंय. ते झालं की पासपोर्टचा अर्ज. तिथल्या लग्नात साक्षीदार ठेवता येतो. माझी साक्षीदार आई. दुभाषी लागला तर दुभाषी आणू. वर्ष लागलं तर वर्ष. ती लग्नाच्या नोंदणीच्या टेबलाशी माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसल्याशिवाय मी सही करणार नाही.