पंखवाल्या आत्याची शिवण

आकाशातून विमान गेलं की आमच्या गावात एकच म्हातारी हातातलं काम टाकून अंगणात यायची. बाकीचे वर बघून लगेच आपल्या कामाला लागायचे. ती आवाज विरेपर्यंत बघत राहायची. मग पुटपुटायची, "पत्र्याचं हाय. ह्याला शिवण न्हाई." ही आमच्या शेजारची आत्या. सारं गाव तिला पंखवाली आत्या म्हणायचं, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिनं विमानांचे पंख शिवले होते.

हिंगोली जिल्ह्यात विमानाचा कारखाना म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. आखाडा बाळापूरच्या रस्त्याला, गावाबाहेर, ती लांबलचक पत्र्याची शेड अजून उभी आहे. तेव्हा पंख लाकडाचे असत आणि त्यांवर कापड ताणलेलं असे. आत्या परकरी पोर होती. आईबरोबर बसून ती ते कापड शिवायची. वरून उग्र वासाचं रोगण फासलं की कापड डफासारखं वाजायचं. तयार पंख बैलगाडीत कडबा अंथरून हिंगोली स्टेशनाला जात. लढाई संपली, शेड बंद झाली, आणि ते पंख पुढं कधी उडाले का, हे तिला कुणीच सांगितलं नाही. तेवढं एक तिच्या मनात अडकून राहिलं.

"काहून उडाले नसतील?" आम्ही विचारायचो.

"मी पाह्यलं व्हय? टाका हवेत टिकला का न्हाई, हे जमिनीवर बसून कसं कळंल?"

तिची शिवणही न्यारी. दर टाक्याला ती गाठ मारायची. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटू नये, ही पंखाची रीत. ती तिनं गोधड्यांना लावली, दुपट्यांना लावली आणि आई नको नको म्हणत असताना आमच्या पोलक्यांनाही लावली. पोलकं घट्ट झालं की आई ब्लेड घेऊन सारी दुपार झगडायची आणि शेवटी नवं कापड आणायची. आत्या शेजारी बसून कौतुकानं बघायची. "न्हाई उसवायचं ते, माय. फुकट तकलीफ घेऊन राहिली तू."

शेडमध्ये पुढं सरकीची पोती आली, मग काही वर्षं शाळेचे वर्ग भरले, मग तिचं मंगल कार्यालय झालं. आत्या दर वेळी झाडलोटीला तिथंच. वर लोखंडी आकडे होते, पंख टांगायचे. त्यांना कापडी छत बांधायचं मालकानं ठरवलं आणि ते शिवायला आत्याच बसली. दर टाक्याला गाठ! मालक वैतागून गेला. मला वाटतं, ती तेवढे दिवस पुन्हा परकरी पोर झाली होती.

माझ्या ताईचं लग्न तिथंच होतं. सकाळी ताई नेलपॉलिश लावत होती, तर आत्या दारातच थबकली. "पंखाचा वास येऊन राहिला गं," म्हणाली आणि डोळे मिटून उभी राहिली.

दुपारी बुद्धवंदना झाली, हार घातले, आणि वावटळ उठली. एका बाजूचे पत्रे उचकटले, दोऱ्या तटातट तुटल्या आणि ते सबंध छत शेडच्या उघड्या बाजूनं बाहेर पडलं. गुलाबी कापड फुगलं, वर गेलं, लिंबाच्या शेंड्यावरून तरंगत निघालं. पाहुणे ताटं सांभाळत ओरडत होते. मला मात्र सगळं सावकाश, स्वप्नात दिसावं तसं दिसत होतं. आत्या त्याच्यामागं धावत सुटली आणि तिला धरायला मी.

नांगरलेल्या वावरात ते अलगद उतरलं. आत्या गुडघ्यांवर बसली आणि शिवणीवरून बोटं फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली.

"एक बी टाका गेला न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "म्हंजी ते बी उडाले असतील गं."

आणि ती रडायला लागली. मीही रडले. माझे लाल डोळे बघून पाहुण्यांना वाटलं, बहिणीवर किती जीव!

त्यानंतर विमान आलं तरी आत्या उठायची नाही. सुई चालूच. "जाऊ दे, पोचंल ते," एवढंच म्हणायची.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. शेडमध्ये आता हळदीची पोती असतात. फटीतून ऊन आलं की आतली हवा पिवळी दिसते. विमान गेलं की आता मी अंगणात येते आणि आवाज विरेपर्यंत बघत राहते. पत्र्याचंच असतं ते, तरी मला त्याच्या पंखावर शिवण दिसते.