खंड्याचं पान

माझ्या बायकोच्या मामांना परमेश्वराने चुकून छापखान्यात चिकटवलं. खरं तर त्यांना एखाद्या संस्थानात राजपुत्रांना वळण लावायला ठेवायला हवं होतं. राजपुत्र मिळाले नाहीत म्हणून त्यांनी कुत्र्याला वळण लावलं, आणि असं लावलं की आजही कुणी नीटनेटकं जेवताना दिसलं की मला त्या कुत्र्याची आठवण येते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मामा नाशिक रोडच्या एका कॉलनीत दोन खोल्यांत राहत. मामी गेल्या त्या वर्षी त्यांची एकुलती एक शैला रस्त्यावरून तांबडं पिल्लू उचलून घेऊन आली, तोच हा खंड्या. पुढे शैलाला सटाण्याच्या एका कांदाव्यापाऱ्याच्या घरातून मागणी आली. मुलगा चांगला होता, पण खंड्याशिवाय आपण सासरी जाणार नाही, असं तिने सांगून टाकलं. तिकडच्या आजीबाईंचा शब्द घरात कुणी मोडत नसे. त्यांनी निरोप धाडला: साखरपुड्याला कुत्र्याला पंगतीत घेऊन बसा, कुणाच्या पानात किंवा खाली सांडलेल्यात तोंड घातलं नाही तर सुनेबरोबर तेही घरात, घातलं तर विषय संपला. दुसरा कुणी डोक्याला हात लावून बसला असता. मामांनी पाट मांडले.

दर रविवारी व्हरांड्यात पंगतीची तालीम. वाढपी मी, जेवणारे शेजारी, आणि मामांच्या डाव्या हाताला खंड्या, पुढ्यात पत्रावळ. काठी नाही, दोरी नाही, आवाज चढवणं तर नाहीच. मामांनी जमिनीवर दोन बोटं टेकवली की जेवायला सुरुवात करायची, खाली काही सांडलं तरी तसूभरही हलायचं नाही, आणि वडील माणूस उठल्याशिवाय पानावरून उठायचं नाही. "त्याला शिकवायचं नसतं हो जावईबापू, आपण त्याच्यासमोर नीट जेवायचं असतं," असं ते म्हणत, आणि मग आमचीच धडगत नसे. एकदा वाढून झाल्यावर मी जेवायला बसलो आणि कढीचा सणसणीत भुरका मारला. मामा खंड्याला हळूच म्हणाले, "तू लक्ष देऊ नकोस, पाहुणे आहेत ते." थोड्याच दिवसांत कॉलनीतली पोरंसुद्धा तोंड मिटून जेवायला लागली.

पुढची इयत्ता मिसळीच्या हॉटेलातली. मालक म्हणाला, "कुत्रं आत नाय चालणार, साहेब." मामा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आम्हाला दोघांनाही बाहेर द्या." बाहेरच्या बाकाशी खंड्या पुढ्यात पाव घेऊन बसला. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या तर्रीचा वास नाकात जाऊन त्याला शिंक आली, तर ती त्याने मान फिरवून, सगळ्यांच्या पानांकडे पाठ करून दिली. मालक गल्ला सोडून बघायला आला. मी फक्त हात जोडायचे बाकी ठेवले होते.

साखरपुड्याला सटाण्यात मांडवभर पंगत बसली. आजीबाई खुर्ची टाकून खंड्यासमोरच बसल्या. मठ्ठा झाला, भात झाला, आणि जिलेबी फिरत असताना वाढप्याच्या हातून एक खंड्याच्या नाकासमोर पडली. शैलाने डोळेच मिटले. खंड्याने जिलेबीकडे पाहिलं आणि मग मामांच्या हाताकडे. मी समोरच होतो. मामांची दोन बोटं जमिनीच्या अगदी जवळ आली होती. ती टेकली असती तर खंड्याने जिलेबी खाल्ली असती, आणि मग एक तर लग्न मोडलं असतं किंवा खंड्या तरी मामांच्या घरी राहिला असता. मामांनी मूठ आवळली. खंड्याने मान वळवली आणि पंगत उठेपर्यंत तो तसाच बसून राहिला. आजीबाई उठून आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ ते आमना नवरदेवपेक्षा शहाना शे!"

लग्न झालं. जीपमध्ये शैला रडत होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून खंड्या मामांकडे बघत होता. त्यानंतरच्या रविवारी आम्ही मामांना जेवायला घरी आणलं. ते नेहमीसारखेच नीट जेवत होते, पण जेवण जात नव्हतं. मला राहवेना. म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुमची बोटं खाली टेकली असती तर आज खंड्या तुमच्याजवळ असता."

"हो," मामा म्हणाले. "पण मग तिथे तिच्या ओळखीचं कोण असतं?"

एवढं बोलून त्यांनी ताटावरून मान वर केली नाही, आणि वडील माणूस उठेपर्यंत आम्हीही कुणी पानावरून उठलो नाही.