रजिस्टरातला पासवर्ड

सर्वर डाऊन. हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं सणकतं. तुम्ही-आम्ही चांगली शिकली-सवरलेली माणसं, पण दुकानदारानं एवढं म्हटलं की गपगुमान चपला घालून घरी येतो. कोणता सर्वर? कुठं आहे? विचारायची सोयच नाही. मी मात्र विचारते. बत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. कोणती गोष्ट कुठं आहे, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्या दिवशी मध्य प्रदेशातल्या आमच्या परसवाड्याच्या ऑनलाइन सेंटरात आम्ही तिघं बसलो होतो: मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. भाचीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. जागा पाहिजे, असं पाच वाजेपर्यंत ऑनलाइन कळवायचं. नाही कळवलं तर ती दुसऱ्याला. तीन वाजून गेले होते.

"सर्वर डाऊन है मॅडमजी. कल आओ," दुकानदार म्हणाला.

"उद्या काय लोणचं घालू तुमच्या फॉर्मचं?"

भाऊ तर उठलाच. "जाऊ दे ना ताई. नशिबातच नाई तिच्या. आता पोरगा पाहू एखादा."

पोरगा पाहू म्हणे! पोरगी समोर बसलेली, बारावीला शाळेत पहिली आलेली, आणि एका बंद स्क्रीनपायी हा तिला बोहल्यावर चढवायला निघाला. मला असा संताप आला की काय सांगू. मी गोंदियाच्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, साइट उघड. तिची उघडली.

म्हणजे सर्वर ठणठणीत होता. सर्वर म्हणजे तरी काय, फॉर्म घेणारा एक कॉम्प्युटर, भोपाळात की आणखी कुठं, दिवसरात्र चालू असलेला. तुटला होता तो आमचा रस्ता. सकाळीच बालाघाट रोडवर जेसीबीनं खोदलेलं आम्ही पाहिलं होतं; नेटच्या तारेची केशरी नळी तुटून वर आली होती. मोबाइलला तार नसते म्हणून आपल्याला वाटतं, नेट आभाळातून येतं. छे! टॉवरपर्यंतच ते हवेतून जातं. पुढचा सगळा प्रवास जमिनीखालून, केसाएवढ्या काचेच्या तारांमधून, समुद्राच्या तळातूनसुद्धा. तुमच्या फोटोचे, अक्षरांचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येकावर पत्ता आणि नंबर पडतो. मग लग्नाला निघालेल्या पाहुण्यांसारखे ते मिळेल त्या वाटेनं जातात, कोणी बसनं, कोणी मोटरसायकलवर, आणि मांडवात पोचले की नंबरानं बसतात. एखादा पोचला नाही तर तेवढाच पुन्हा बोलावतात. एक वाट बंद झाली तर दुसरी धरतात. पण आमच्याकडे वाटच एक, आणि ती खड्ड्यात गेलेली. फोन आणि मेसेज तेवढे रडतखडत चालू होते.

"गोंदियाहून भरू," मी म्हटलं.

भावानं दुकानदाराच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "फॉर्म तर याच्या कॉम्प्युटरात आहे. गोंदियाले कसा जाईन?"

"इथं काई नाई रे बाबा. ही नुसती खिडकी आहे. खिडकी कुठूनही उघडते. आयडी आन पासवर्ड पाहिजे फक्त."

आणि पासवर्ड होता दुकानदाराच्या रजिस्टरात. आमच्याकडे हीच रीत. फॉर्म तोच भरतो, पासवर्ड तोच ठरवतो, तोच जपून ठेवतो. ज्या पोरीचा फॉर्म, तिला त्याचा पत्ताही नसतो.

"रजिस्टर किसी को नहीं दिखाते, मॅडम."

"नका दाखवू. हिच्या नावाची ओळ वाचा. नाही तर मी पाचपर्यंत इथंच बसते आन जो येईन त्याले सांगते, का सर्वर चालू आहे."

त्यानं वाचली. मी फोनवर एकेक अक्षर सांगितलं. तिकडे बहिणीनं फॉर्म उघडला, भाचीचं नाव वाचून दाखवलं आणि म्हणाली, "ओटीपी आला असन, पाह्य."

तो आला होता भावाच्या फोनवर. नंबर त्याचाच दिला होता. भाऊ स्क्रीनकडे पाहत उभा. वाचे ना. साडेचार होऊन गेले होते, आणि ओटीपी काही जन्मभर टिकत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाची इतक्या वेळात पहिल्यांदा बोलली.

"बाबा, वाचा."

त्यानं वाचलं. एकेक आकडा, एवढ्या मोठ्यानं की फोन नसता तरी गोंदियाला ऐकू गेलं असतं. मग चुकायला नको म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

जागा पक्की झाली. दोन दिवसांनी तार जोडली गेली आणि कागद छापून घ्यायला आम्ही पुन्हा त्याच सेंटरात गेलो. भाची खुर्चीवर बसली आणि तिनं आधी पासवर्ड बदलायला घेतला. दुकानदारानं सवयीनं रजिस्टर उघडून पेन हातात धरला.

"नया पासवर्ड बोलो बेटा."

तिनं कीबोर्डवर आडवा हात धरला.

"तुमाले काहून सांगू?"