लाल फडक्यातली वही

"ए! हात मागं! पूजेची वही आहे ती!"

हेडक्लार्कांनी रूळ हाणला तो थेट माझ्या बोटांवर. कचेरीत आणखी सहा कारकून होते. एकानंही मान वर केली नाही.

मी सातवा. चांभाराचा मुलगा. आजोबा सरदारांच्या घोड्यांची खोगिरं शिवायला दक्षिणेतून देवासला आलेले. संस्थानं विलीन झाली, म्हणून मला ही खुर्ची मिळाली.

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, दोन कायदे. विलीनीकरणानंतर सगळे नियम एका मोठ्या वहीत आले. पद्धत झकास होती, खोटं कशाला बोलू? आपल्या टेबलावर नियम उतरवायचाच नाही. नुसतं लिहायचं, 'मोठी वही, पान अमुक'. वरून बदल आला की त्या एका पानावर चिठ्ठी डकवायची. झालं! सगळी टेबलं एकदम नवी.

माझं सोडून. दसऱ्याला वहीला हळदकुंकू लागलं, लाल फडकं चढलं आणि मला ती शिवायला बंदी झाली. "तू आपली नक्कल करून घे," हेडक्लार्क म्हणाले. एक कारकून वाचायचा, मी दारात बसून उतरवायचो. दोनशे पानं! मला मूर्खाला त्या सुबक वहीचा अभिमानच वाटायचा. पुढे चिठ्ठ्या किती डकवल्या, ते मला कोण सांगणार?

सोनकच्छकडची एक विधवा म्हातारी यायची. नवऱ्याचं शेत मुदतीच्या आत नावावर करून हवं होतं. मी माझी वही बघून सांगितलं, पाटलाचा दाखला आण. पाटलाचाच त्या शेतावर डोळा. तीनदा रिकाम्या हातानं आली. चौथ्यांदा सोबतीला दोन शेजारी घेऊन आली, म्हणाली, "भिया, आज आखरी दिन हे. नी तो खेत गयो म्हारो."

बाजूचा कारकून हसला. "अरे, दाखला केव्हाच बंद झाला! दोन शेजाऱ्यांची साक्ष पुरते. चिठ्ठी आहे की वहीत."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

हेडक्लार्क सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या लोकांना खुर्ची दिली की असंच व्हायचं."

अंगाची लाही लाही झाली. लाजही वाटली. तीन हेलपाटे त्या म्हातारीला मीच घालायला लावले होते. उठलो. फडकं सोडलं. चिठ्ठी मोठ्यानं वाचली. त्या दोघांचे अंगठे घेतले, अर्ज लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"बाटवलीस वही!" हेडक्लार्क ओरडले.

"बाटली तर बाटली. नियम आहे तो, देव नाही."

दुसऱ्या दिवशी वही कपाटात आणि कपाटाला कुलूप. मी माझी दोनशे पानांची वही हेडक्लार्कांसमोर टराटरा फाडली आणि कपाटाला खुर्ची लावून, कुलपावर हात ठेवून बसलो. म्हणालो, "किल्ली दिसेपर्यंत एक अक्षर लिहिणार नाही. नोकरी घ्या हवी तर. शिळ्या नियमानं मी आता कुणाला फिरवणार नाही."

त्यांनी रूळ उचलला. मी कुलपावरचा हात मागे घेतला नाही.