बल्लारशाचं पाणी

बल्लारशाचं नाव निघालं की आमच्या गावात प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असायचं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते गाव पाहिलेलंही नसायचं. तिथे कोळशाच्या खाणी, कागदाचा कारखाना, रेल्वेचं मोठं जंक्शन. मुलुखभरचे पुरुष तिथे एकटे राहतात, पगाराच्या दिवशी दारू पितात आणि सुऱ्या काढतात, असं म्हणत. तिथे गेलेली बाई बिघडते, असंही म्हणत. यात माझी मोठी जाऊ सगळ्यांच्या पुढे. ती म्हणायची, "तिथी बगळाबी काळा होते. नवरा घरी आला का आधी त्याचं तोंड धुवून पाहा लागते, आपलाच हाय का शेजारनीचा."

बायका पदर तोंडात धरून हसायच्या. मी हसत नसे, कारण माझा नवरा तिथेच होता.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमचं गाव सिंदेवाहीपासून दोन कोसांवर, एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला तलाव. धानाची शेती तीन भावांना पुरत नव्हती. माझा नवरा सर्वांत धाकटा. तो उन्हाळ्यात जंगलात बांबू तोडायला जायचा. तो बांबू ज्या कारखान्यात जायचा तिथेच त्याला गाड्या रिकाम्या करायचं काम लागलं. आठ महिने तो आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहिला आणि खानावळीत जेवला. मग त्याचं कार्ड आलं. मजुरांच्या लाईनीत एक खोली रिकामी होते आहे, मुकादम ती कुटुंबवाल्यालाच देणार आहे आणि पोळ्यापर्यंत थांबायला तयार आहे. तेव्हा हिला आणि पोरीला पाठवावं.

मी वीस वर्षांची होते, मुलगी दोन वर्षांची. मी चौथी शिकलेली, म्हणून घरातली कार्डं मीच वाचायची. ते वाचताना खोलीची ओळ गाळावी असं माझ्या मनात आलं. गाळली नाही.

मला जायचं नव्हतं. बल्लारशाची भीती होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. मला गाव आवडायचं. चैतात पहाटे आम्ही सात-आठ बायका मोहफुलं वेचायला जायचो. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन मोकळी केलेली असे. त्या काळ्या जमिनीवर पिवळी फुलं पडलेली, आणि वास असा की रिकाम्या पोटी डोकं गरगरायचं. तलावाच्या पलीकडे माझं माहेर होतं. पाणी उतरलं की तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मधल्या बांधावरून, अर्ध्या तासात आईकडे पोचत असे. रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर चिखलात ओळीने वाकून आम्ही धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायचो, वरून पाऊस, डोक्यावर मोहाच्या पानांची मोरी, पाठ झाकेल एवढी. दुपारी बांधीच्या, म्हणजे धानाच्या वावराच्या, धुऱ्यावर बसून भात आणि लाखोळीची भाजी. ते जेवण मला नंतर कुठे मिळालं नाही. आज कोणी म्हणेल की म्हातारीला सगळं गोड आठवतं. तसं नाही. कंबर मोडायची, पायांच्या बोटांत चिखल्या व्हायच्या. तरी मला ते आवडायचं.

आणि न जाण्यातही धोका होताच. आमच्या गल्लीतल्या एका बाईचा नवरा खाणीत गेला होता. ही गावातच राहिली. त्याने तिकडे दुसरी केली. बाई कुंकू लावून भावाच्या घरी धान कांडत होती.

सासूने कार्ड ऐकलं आणि म्हणाली, "गाव पाहून येऊ. पाह्यल्याबिगर मी सून नाई धाडत."

गाव पाहायची तिची एक रीत होती, आणि ती एकटीची नव्हती. आमच्याकडे मुलगी द्यायची तर जाणत्या बायका त्या गावचं पाणी पाहत. पाणी पाहायचं म्हणजे घरून मूठभर तुरीची डाळ न्यायची आणि त्या गावच्या पाण्यात शिजवायची. खारट, जड पाण्यात डाळ शिजत नाही. तासन् तास चूल फुंकावी लागते, सरपण जातं, पोट बिघडतं. मला या घरी देताना माझ्या आजीने इथल्या विहिरीवर डाळ शिजवून पाहिली होती. माणसं खोटं बोलतात, पाणी बोलत नाही, असं या बायकांचं म्हणणं. घर, जमीन, मुलाचा स्वभाव हे सगळं त्यानंतर.

"मूठभर दाळ बांधून घे वं," सासूने मला सांगितलं.

उतरंडीत वरच्या मडक्यात यंदाची डाळ होती. तळच्या मडक्यात तीन वर्षांची जुनी, किडकी, जनावरांच्या खाण्यात मिसळायला ठेवलेली. ती गंगेच्या पाण्यातही शिजली नसती. मी वरची मडकी एकेक करून उतरवली आणि तळची डाळ घेतली. कीड निवडून काढली. हात चुकला वगैरे काही नाही, ठरवून केलं.

सिंदेवाहीहून छोट्या गाडीने चांद्याला आणि तिथून मोठ्या गाडीने बल्लारशाला गेलो. मुलीला जावेपाशी ठेवलं होतं. स्टेशनवर नवरा घ्यायला आला होता. धुतलेला सदरा, केसांना तेल. सासूने आधी त्याचं तोंड निरखलं. जावेचं बोलणं तिच्याही डोक्यात असावं.

लाईन म्हणजे एका ओळीत वीस-बावीस खोल्या, समोर पडवी, टोकाला एक नळ. वास होता, आंबलेल्या पेजेसारखा. पडवीत वाळत घातलेल्या लुगड्यांवर काळी भुकटी होती. गावात म्हणत त्यातलं खरं ते मी खरं म्हणते. पण सुरा काही कोणाच्या हातात दिसला नाही. बायका नळावर भांडत होत्या, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी, सगळ्या भाषांत.

नवऱ्याला कारखान्यात पाळीवर जायचं होतं. तो सांगून गेला, "शेजारची बाई चूल देते. चांगली हाय." शेजारीण तेलुगू बोलणारी, चाळिशीची, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. तिने चूल पेटवून दिली. सासूने नळाचं पाणी घेतलं, डाळ चढवली आणि समोर मांडी घालून बसली.

तास गेला. डाळ उसळत होती, पण दाणा तसाच. सासूने पळीने एक दाणा काढून बोटांत दाबला. फुटला नाही. शेजारणीने वाकून पाहिलं, एक दाणा दातांखाली धरला आणि माझ्याकडे पाहून खदखदा हसली. मग आत जाऊन तिने तिच्या घरचं वाटीभर वरण आणलं आणि सासूपुढे धरलं. सासू परक्याच्या हातचं खात नसे. तिने हात जोडून वाटी परत केली. ते वरण मऊ, एकजीव होतं. ते मी पाहिलं. सासूने पाहिलं की नाही ते मला त्या वेळी कळलं नाही.

नवरा पाळी संपवून आला आणि त्याने आल्या आल्या विचारलं, "काय माय, शिजली?"

"नाई शिजली," सासू म्हणाली.

तो पाट ओढून बसला. ती कडक डाळ भातात कालवून त्याने सगळी खाल्ली. एवढंच म्हणाला, "खानावळीतलं वरन शिजते का नाई, मी कधी नीट पाह्यलंच नाई. तिखटच तेवढं कळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. छोट्या गाडीत गर्दी नव्हती. मूल गावचं स्टेशन गेल्यावर सासूने बटवा काढला, पान लावलं आणि मला म्हणाली, "तळच्या मडक्यातली घेतलीस ना?"

माझ्या हो-नाहीची वाट न पाहता ती पुढे म्हणाली,

"मले घरीच दिसलं. रंग पाहून कळते, मी काय आज चुलीपाशी बसून राह्यली?"

"मग बोलल्या काऊन नाई, बाई?"

"तुले जाचं नसन त मी काऊन ढकलू?" तिने पान तोंडात टाकलं. थोड्या वेळाने तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने तोवर कोणाला सांगितली नव्हती. माझे सासरे तरुणपणी आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला होते. आलापल्लीचं नाव तेव्हा बल्लारशापेक्षा वाईट. तिथे गेला तो तापाने मेला, असं म्हणत. त्यांनी हिला बोलावलं होतं. हिने पाणी वाईट आहे असं सांगून टाळलं. पाणी पाहायलाही गेली नाही. "अकरा वर्षं तो सणाले आला. मी पाहुन्यासारखं जेवू घातलं. पोरं त्याले पाहून माह्या मागं लपत. मंग घरी राह्याले आला तवा आमाले एकमेकाशी बोलता येईना."

"म्हंजे मी जाऊ म्हनता?"

"मी काईच नाई म्हनत. राहाचं त राह्य. पन पान्यावर ढकलू नको. त्याले तोंडानं सांग का मले नाई याचं."

यानंतर तिने तो विषय काढला नाही. पाऊस पडला, रोवणे लागले, मी रोज चिखलात. मी मनात वाक्य जुळवत असे, मला यायचं नाही, मला यायचं नाही. बांधीत वाकलेलं असताना ते अगदी सोपं वाटायचं. कार्ड लिहायला बसलं की हात चालत नसे. दोन कार्डं मी पोरीच्या दातांवर आणि म्हशीच्या वेतावर भरवली. पोळा जवळ आला. खोली जाईल आणि प्रश्न आपोआप मिटेल, असंही मी धरून चालले होते.

पोळ्याच्या सकाळी नवरा आला. डोक्यावर तेलाचा मोठा पत्र्याचा डबा, डब्याच्या तोंडाला कापड आणि वरून कणकेचा लेप. अंगणात तो उतरवताना त्याची मान वाकडी झाली होती. सासू पाट्यावर पुरण वाटत होती. जाऊ धावत आली. "तेल आनलं का भाऊजी?"

"पानी आनलं."

"काऊन, आमचा तलाव आटला का?"

नवरा आईपाशी उकिडवा बसला. "लाईनीच्या नळाचं नाई हे. रेल्वेच्या पलीकडं एक विहीर हाय. मी चार विहिरी पाह्यल्या. लोक म्हनतात हेच गोड. माय, यात दाळ शिजवून पाह्य. शिजली त दोन घागरी मी रोज भरून देईन, पाळीवर जाच्या आधी." मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "खोलीसाठी मुकादमाले म्या आनखी आठ दिवस मागून घेतले."

सासूचा वरवंटा थांबला. ती माझ्याकडे पाहत होती. जाऊ लेप खरवडून पाण्याचा वास घेत होती.

मला दया वगैरे आली नाही. शरम वाटली. दोन गाड्यांतून, लोकांच्या शिव्या खात, ते पाणी त्याने आणलं होतं. डाळीवर त्याला शंकाही आली नव्हती. सगळा दोष त्याने त्या नळावर टाकला होता आणि तीन महिने विहिरी हुडकत फिरला होता. असा माणूस सणापुरता पाहुणा करून ठेवावा, हे मला पटेना.

"पान्यात खोट नव्हती," मी म्हटलं. "दाळ जुनी होती. मी मुद्दाम आनली होती."

जावेच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

नवरा डब्याकडे पाहत होता. "म्हंजे हे मी डोक्यावर..."

"हो."

तो उठला आणि बैल धुवायला तलावावर निघून गेला. सासूने वरवंटा पुन्हा हातात घेतला. "अर्धं झालं. आता पुढचं बोल. जाचं का नाई?"

"जातो," मी म्हटलं. हो म्हणताना मला तलाव दिसत होता, त्याच्या पलीकडची माझ्या आईच्या घराची कौलं दिसत होती. आठ दिवसांच्या आत निघायचं आहे हेही कळत होतं. रडू आलं नाही. नंतर कधीतरी आलं, भाजी चिरताना.

आम्ही निघालो तेव्हा सासू स्टेशनवर आली नाही. धानात निंदण चालू होतं, बायका लागलेल्या होत्या. दिराने बैलबंडीने सोडलं. नवरा पोळ्यापासून माझ्याशी बोलला नव्हता. छोट्या गाडीत मुलगी त्याच्या मांडीवर झोपली. मोठ्या गाडीत बसल्यावर त्याने बिडी विझवली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तिथी नळावर रोज भांडन होते. बायका लय तिखट हायेत. तुले जमन का?"

"जमन," मी म्हटलं.

जमलं. तेवीस वर्षं त्या नळावर भांडले.